एका माणसाचा काढा

"जीभ दाखवा," असं को बाईंनी सांगितलं तेव्हा उर्मिला चांगलीच गोंधळली. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला जीभ बाहेर काढायला शेवटचं कोणी सांगितलं होतं, ते तिला आठवेना. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि काढली एकदाची बाहेर. सत्तरीच्या को बाईंनी ती निवांत न्याहाळली. मग तीन बोटं मनगटावर ठेवून इतका वेळ गप्प बसल्या, की ह्यांचाच डोळा लागला की काय अशी उर्मिलेला शंका आली.

उर्मिलेच्या घराजवळ, जुरोंग ईस्टला, एका राहत्या ब्लॉकखाली हे एवढंसं दुकान. चिनी वैद्याला इथे सिनसे म्हणतात आणि को बाई चाळीस वर्षं तेच काम करत होत्या. उर्मिला काही हौसेने आली नव्हती. थकवा, एवढंच तिचं दुखणं. ताप नाही, खोकला नाही, पण सकाळी उठतानाच अंगात त्राण नसायचं. वन-नॉर्थच्या एका संशोधन संस्थेत ती रसायनांच्या ऑर्डरी सांभाळायची. त्याआधी डबे, त्यानंतर स्वयंपाक, कपडे, पुण्याला सासूबाईंना फोन. रक्त तपासून झालं होतं. सगळे आकडे जागच्या जागी. रिपोर्ट वाचून निशिकांत, तिचा नवरा, खूश होऊन म्हणाला होता, "बघ, तुला काहीही झालेलं नाही." माणूस वाईट नव्हता हो. पण त्या दिवसापासून उर्मिलेला थकायचीही चोरी झाली.

मग गेल्या मंगळवारी घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तिला झोप लागली. जुरोंग ईस्ट कधीच मागे गेलं. सफाईवाल्या काकांनी हलवून उठवलं तेव्हा गाडी शेवटच्या स्टेशनात रिकामी उभी होती आणि फलाटावर पाय ठेवताच तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या लिलीने हा पत्ता दिला.

को बाईंनी मनगट सोडलं आणि विचारलं, "किती दिवस दमलेली आहेस?"

दमतेस का, असं नाही. किती दिवस. उर्मिला मनात मागे मागे जात लेकीच्या, अनुयाच्या, जन्मापर्यंत पोचली. "सोळा वर्षं," ती ओशाळून म्हणाली. को बाईंना काही नवल वाटलं नाही, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आपला थकवा कोणीतरी लिहून घेतला, ह्यानेच उर्मिलेला निम्मं बरं वाटलं. सात पुड्या मिळाल्या. रोज एक. तीन बाउल पाणी घालायचं, उकळून एक बाउल उरवायचं.

घरी येऊन पुडी उघडली तर काय, लाल खजूर म्हणून सांगितलेली ती सरळ सरळ वाळलेली बोरं. कसल्या कसल्या मुळ्यांच्या चकत्या होत्या, त्या तिला ओळखता आल्या नाहीत. पण एक काडी तिने नाकाशी नेली आणि हसली. ज्येष्ठमध. म्हणजे हा तर आपला काढाच की.

तिथेच घोळ झाला. साताऱ्याला तिच्या माहेरी काढा व्हायचा तो घरादारासाठी. पातेलं उतरलं की आई हाक मारायची आणि पाचही भावंडं वाट्या घेऊन रांगेत उभी राहायची, खोकला असो वा नसो. एकट्याने काढा पिणारं माणूस उर्मिलेने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने सवयीने तीन वाट्या मांडल्या. निशिकांतच्या डोक्याला ऑफिसचा ताप, त्याला एक. अनुयाची परीक्षा, तिला एक. तळाशी गाळासकट उरलं ते स्वतःला.

अनुया तोंड वाकडं करून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, टेस्ट्स लाइक मड लाह," पण प्यायली. निशिकांतला मात्र तिसऱ्या दिवसापासूनच हुशारी वाटायला लागली. झोप छान लागते म्हणाला, मित्रांना फोन करून सांगितलं. उर्मिला आठवड्यानंतरही होती तिथेच. औषधही इतरांनाच लागू पडतं, खोट आपल्यातच असणार, असं तिच्या मनाने घेतलं आणि ती फार खचली. निशिकांतने तर सांगूनच ठेवलं, ह्या वेळी जरा जास्त पुड्या आण.

को बाईंनी पुन्हा जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, रोज पूर्ण बाउल प्यायलीस ना? उर्मिला हो म्हणणार होती, पण त्या नजरेपुढे तिला खोटं बोलवेना. तिने वाट्यांचं सगळं सांगून टाकलं. को बाई रागावल्याच. तुझ्या नवऱ्याची नाडी मी पाहिलेली नाही, मुलीची जीभ पाहिलेली नाही, काही झालं असतं म्हणजे? उर्मिला शाळकरी मुलीसारखी खाली मान घालून बसली. मग को बाई हळूच म्हणाल्या, "वन पर्सन मेडिसिन, वन पर्सन ड्रिंक लाह." आणि नाव विचारून त्यांनी नव्या सातही पुड्यांवर जाड लाल पेनने उर्मिला, उर्मिला, उर्मिला असं इंग्रजीत लिहिलं.

शनिवारी सकाळी तिने एका शेगडीवर डाळ-तांदळाचा कुकर लावला, दुसरीवर काढा. काढा गाळताना हात आपसूक वाट्यांकडे गेलाच. तिन्ही ओट्यावर मांडल्यावर तिचं लक्ष फाडलेल्या पुडीकडे गेलं. लाल अक्षरं बरोबर मधून फाटली होती, तरी नाव वाचता येत होतं. तिने वाट्या एकेक करून परत मांडणीत ठेवल्या. बाउल घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

वासाने निशिकांत आलाच. "आमचा कुठाय?"

"नाहीये," उर्मिला म्हणाली. "हे माझं औषध आहे."

"अगं, पण तुला तर काही..." एवढं बोलून तो थांबला. बायकोचे डोळे भरून आले होते आणि बाउल तिने दोन्ही हातांनी धरला होता. उर्मिलेला त्याची दया आली, अपराधीही वाटलं, तरी बाउल तिने खाली ठेवला नाही. काढा कडूजहर होता, पण आज गाळ तळाशी बसला होता आणि वरचा घोट तिचा होता.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं तिसऱ्या शिट्टीला तीच उठत आली होती. निशिकांतने तिच्याकडे पाहिलं, मग कुकरकडे.

चौथी झाली. बाउलमध्ये अजून बराच काढा होता. उर्मिला सावकाश पीत राहिली.