काकांचे उघडे तळवे

लग्न पक्कं करणारी फातिहाची प्रार्थना वाचून होईपर्यंत निवडणुकीचं नाव काढायचं नाही, असं झोहराने नवऱ्याला सकाळपासून बजावलं होतं. "अहो, तासभर तोंड मिटून बसा. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

अब्देलहफीज मास्तरांनी मान डोलावली होती. गप्प बसणं त्यांना जन्मभर जमत आलं होतं. शाळेत अर्थशास्त्रसुद्धा ते फळ्याकडे तोंड करूनच शिकवत.

पण मुलाचा काका लमजेद हा निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा स्फॅक्स शहरातला प्रचारप्रमुख. मुलाचे वडील हयात नव्हते, तेव्हा वडीलधारा तोच. त्याने तळवे उघडल्याशिवाय फातिहा सुरू होणार नव्हती, आणि त्याशिवाय मास्तरांची रीम आणि त्याचा पुतण्या नौफेल यांचं काहीच पक्कं नव्हतं.

लमजेदने पावाचा तुकडा जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात बुडवला. "मास्तर, आमचा साहेब आला की तेलाची निर्यात बंद! भाव सरकार ठरवणार, आजच्या निम्मा. आपलं तेल आपल्या ताटात. बरोबर ना?"

"घ्या ना, अजून घ्या," मास्तर पुटपुटले.

"तेल नको, उत्तर द्या. हा माणूस देश बुडवणार, असं कॅफेत म्हणालात म्हणे. आता सगळ्यांदेखत म्हणा, योजना चांगली आहे. लगेच हात वर करतो. नाहीतर आम्ही निघालो."

नौफेलने मान वर केली नाही. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. बायकांची कुजबुज थांबली. फटीतून रीमची हिरवी बाही दिसत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"पहिलं वर्ष बरं जाईल," ते म्हणाले, आणि मग थांबणं जमेना. "पुढे त्या भावात तोडणीची मजुरीही सुटणार नाही. नौफेलच्या घरच्या बागेतली फळं झाडावरच वाळतील. थोडंफार निघेल ते चोरवाटेने लिबियात जाईल. दुकानात भाव स्वस्त, पण बाटलीच नाही."

"मग गरिबाने कोरडा पाव चावायचा? हे तेल तुम्ही पाहुण्यांपुरतं आणलंय, मास्तर! एरवी काय खाता? सांगा की!"

मास्तरांचे कान तापले. घरात वर्षभर परदेशातून आलेलं दुसरं स्वस्त तेलच होतं. "खरं आहे तुमचं. आम्हालाही परवडत नाही."

"मग उपाय काय?"

मास्तरांनी बराच विचार केला. "मला माहीत नाही."

लमजेद संतापला. दोन्ही तळवे उघडून तो आढ्याकडे बघत राहिला. मास्तरांनी शरमेने मान खाली घातली.

त्याच क्षणी आतून नौफेलच्या आईची आनंदाची ललकारी उठली. मागोमाग सगळ्या बायकांची. समोरच्या गच्चीवरून शेजारणींनी उत्तर दिलं, खाली कुणीतरी मोटारीचा हॉर्न वाजवला. काकांचे तळवे उघडलेले दिसले की ललकारी द्यायची, अशीच रीत होती.

"अहो, मी अजून..." लमजेद ओरडला. कुणालाच ऐकू गेलं नाही. आता हात खाली घेणं म्हणजे मेलेल्या भावाच्या घराची अब्रू गल्लीत फेकणं.

"रविवारी मत कुणाला?" त्याने दात आवळून विचारलं.

"तुमच्या माणसाला नाही."

लमजेदने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग डोळे मिटून तो ओठांतल्या ओठांत फातिहा म्हणू लागला. मास्तरांनीही तळवे उघडले.

दाराच्या फटीत नौफेलची आई उभी होती. जैतुनाची बाग तिच्या नावावर होती. गैरसमज झाल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.