देवघरातला चेंडू

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. बुवा आख्यानाला हात घालतात तेव्हा ऐकणारा न सांगता पुढं सरकतो, तसं सरका. आज एका चेंडूची गोष्ट सांगतो. यमुनेच्या डोहात पडला तो नव्हे, तो तुम्हाला ठाऊक आहे. हा चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुडका होता, कातड्याचा होता, आणि आमच्या गावात राहीबाईच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी बसलेला होता. देवांपेक्षा तोच मोठा दिसायचा.

आमचं गाव कडेगावच्या अंगाला. घरटी एक माणूस पलटणीत. राहीबाईचा एकुलता एक सयाजी पलटणीत गेला आणि तिथं एका साहेबाकडून रग्बी नावाचा खेळ शिकला. एका सुट्टीत ट्रंकेतून हा चेंडू घेऊन आला, आणि ऊस तुटून गेलेल्या रानात गावची पोरं जमवली. मी बांधावर बसून बघायचो. चेंडू छातीशी धरून एक पोरगं पळतंय आणि बाकीची त्याच्या अंगावर पडतायत. आधी वाटलं, भांडण लागलं. मग वाटलं, हुतुतू असावा. दोन्ही नव्हतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या लढाईत सयाजी गेला. घरी ट्रंक आली. तिच्यात वर्दी होती, जर्मनचं ताट होतं आणि तो चेंडू. राहीबाईनं वर्दीची घडी मोडली नाही, ताट फळीवर ठेवलं, आणि चेंडू देवघरात नेला. रोज सकाळी देवांबरोबर त्यालाही गंध लागायचं. गावात कुणी त्याला हसलं नाही.

तिचं एकच म्हणणं होतं. पोराच्या पुण्यतिथीला कीर्तन तर होईलच, पण त्या दिवशी त्याचा खेळही झाला पाहिजे. सयाजीच्या पलटणीतला जिवाभावाचा मित्र गुंडा कवठे महांकाळच्या बाजूचा. तोही सुट्टीवर आला की तिकडच्या पोरांना हा खेळ शिकवायचा. पहिल्या पुण्यतिथीला त्याची पोरं येणार होती. राहीबाईनं रान साफ करून घेतलं होतं. पण ते साल बहात्तर. तिकडं प्यायला पाणी नव्हतं, घरंच्या घरं खडी फोडायच्या कामावर गेलेली. कुणी आलं नाही. कीर्तन झालं, खेळ झाला नाही. राहीबाई दिवसभर फाट्याकडं बघत बसली.

आता यात आयर्लंड कुठून आलं ते ऐका.

आमच्या गावात वजीर हवालदार म्हणून होते, मुलाण्याच्या आळीत. मागच्या महायुद्धात इटलीत लढलेले. तिथं मांडीत गोळी बसली आणि इस्पितळात एक आयरिश डॉक्टर भेटला. जखम धुताना वजीरभाईंनी ओरडू नये म्हणून तो त्यांना त्याच्या देशातल्या रग्बीच्या गोष्टी सांगायचा. जखम भरली, पण गोष्टींची ओढ राहिली. पेन्शन आल्यावर त्यांनी रेडिओ घेतला, आणि थंडीच्या दिवसांत शनिवारी रात्री जेवणवेळेला बीबीसी लावून आयर्लंडचं काय झालं ते ऐकायचे. आवाज कधी यायचा, कधी नुसती खरखर. त्यांची बायको अख्तरबी म्हणायची, "ह्येंची सासरवाडी आयर्लंडात हाय वाटतं. माझ्या भावाची खुशाली कवा इचारली न्हाई यवढी."

मला गोष्टी ऐकायचा नाद, मग त्या वैकुंठातल्या असोत की आयर्लंडातल्या. म्हणून मीही शनिवारी तिथं जाऊन बसायचो. एकदा विचारलं, "वजीरभाई, ह्या खेळात चेंडू पुढं फेकत न्हाईत, मागच्यालाच देत्यात. मग पुढं जायचं कसं?"

"स्वतः जायचं, आकाराम," ते म्हणाले. "चेंडूला पुढं धाडून आपण मागं बसायचं, असं न्हाई चालत."

मी तीस वर्षं बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा माणूस. मला ते चटकन पटलं. बुवा अभंगाच्या चरणात पुढं जातात आणि ध्रुपद मागं टाळकऱ्यांच्या हाती देतात. तसंच हे. त्या दिवसापासून मी आयर्लंडच्या बाजूचा झालो.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. दुष्काळ अजून डोक्यावर बसलेला. राहीबाई विरजण मागायला अख्तरबीकडं आली होती. रेडिओ खरखरत होता आणि वजीरभाई त्याला कान लावून बसलेले. एकाएकी ते उठून उभे राहिले.

"आलं! इंग्लंड आलं!"

"कुठं आलं?" राहीबाईनं दचकून दाराकडं पाहिलं.

मग वजीरभाईंनी सगळं उलगडून सांगितलं. आयर्लंडच्या एका भागात दंगेधोपे चाललेले. आदल्या साली भीतीपोटी दोन देशांचे संघ डब्लिनला खेळायला आलेच नाहीत. मैदान तयार, माणसं तयार, पाव्हणे नाहीत. यंदा इंग्लंडचाही नेम नव्हता. इंग्रजांशी तर त्यांचं जुनंच वैर. पण ते आले. आणि मैदानात उतरले तेव्हा सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. खेळ सुरू होईना, इतका वेळ.

राहीबाईच्या हातात विरजणाची वाटी तशीच. "आल्याबद्दल टाळ्या?"

"आल्याबद्दल."

"खेळायच्या आधीच?"

"व्हय वैनी."

"मग जितलं कोण?"

"घरचे. आयर्लंड."

राहीबाई हसली. ट्रंक आल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. "भले! पाव्हण्यांना टाळ्या बी दिल्या आनि हरवून बी धाडलं!" मग थोडं थांबून म्हणाली, "म्हंजी एक साल कुनी आलं न्हाई म्हनून त्यांनी रान मोडलं न्हाई."

"न्हाई मोडलं."

"मग मी बी मोडत न्हाई. गुंडाला सांगावा धाडा."

त्या वर्षी पाऊस झाला. मार्गशीर्षात दुसरी पुण्यतिथी आली. वाईहून दामोदरबुवांना बोलावलं, आणि सकाळी काल्याचं कीर्तन ठरलं. बुवा घाटावर वाढलेले, गळा कसा तर तुपात भिजवलेला. कीर्तन रंगात आलेलं असताना फाट्यावर ट्रक थांबला. सयाजीचा मित्र गुंडा पुढं, आणि मागं धुळीनं पांढरी झालेली पोरं. राहीबाई उठून उभी राहिली आणि भर कीर्तनात टाळ्या वाजवू लागली. बुवा चकित. वजीरभाई उठले, मी टाळ वाजवायला लागलो, मग सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. गुंडाची पोरं बावरून एकमेकांच्या मागं लपायला लागली.

"आरं गुंडा, ही मानसं का टाळ्या वाजवत्यात?" एक पोरगं कुजबुजलं.

"मला काय म्हाईत? गप हात जोड."

बुवांना कारण कळलं तेव्हा ते म्हणाले, "मग थांबू नका. विठ्ठल विठ्ठल!" आणि त्याच टाळ्यांवर गजर धरला. असा गजर पुन्हा ऐकला नाही.

कीर्तन संपलं, फुलं पडली. आणि इथं आमच्याकडून चूक झाली. चूक कसली, भाबडेपणा म्हणा. राहीबाईनं चेंडू चौरंगावर आणून ठेवला होता. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. बुवांनी त्याला बुक्का लावला. आरती झाली. गावानं रांगेनं पाया पडून घेतलं, आणि पाव्हण्या पोरांनीही कपाळ टेकलं. मग सगळे रानात गेले. वजीरभाई गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभे राहिले, आणि म्हणाले, "मारा लाथ. लाथ मारूनच खेळ सुरू होतो."

कुणी हलेना.

आमच्या पोरांचा म्होरक्या बाळासो. तो दोन पावलं मागं सरला. "मामा, आत्ताच पाया पडलो त्याच्या. आनि आता लाथ?"

"गुंडा, तुमच्यातला एक धाड," वजीरभाई म्हणाले.

"आमी पाव्हणे," गुंडा म्हणाला. "पाव्हण्यानं यजमानाच्या देवाला लाथ मारायची व्हय? परत जाऊ देतील का आमाला?"

"नारळानं खेळू," एकानं सुचवलं.

"व्हय, आनि डोकं कुणाचं फोडू? तुजंच फोडतो ये."

दुसरा चेंडू पंचक्रोशीत नव्हता. वजीरभाई म्हणाले, लाथेविना खेळा, हातातच घ्या. पण त्यांचं त्यांनाच पटेना. नियम म्हणजे नियम, लाथ नाही तर सुरुवात नाही. बुवांना मध्ये घातलं. त्यांनी रानातच उभं राहून भृगू ऋषींची कथा सांगितली. ऋषींनी भगवंताच्या छातीवर लाथ मारली, आणि भगवंत त्यांचाच पाय चेपत म्हणाले, महाराज, लागलं तर नाही ना? मी डोळे पुसले. पोरं मात्र जागची हलली नाहीत.

"बुवा, ते ऋषी व्हते," बाळासो म्हणाला. "आमी नापास झालेली मानसं."

ऊन कलायला लागलं. गुंडा राहीबाईजवळ आला आणि खाली बघून म्हणाला, "मावशी, माझी बदली लांब झालीय, पार आसामात. ह्या पोरांना पुन्हा कोण आनंल? आज न्हाई तर मग..."

राहीबाईनं बुवांकडं पाहिलं. बुवा हळू आवाजात म्हणाले, "बाई, वाट आहे. गणपती बसवतो, मग उठवतोच की. अक्षता वाहा, उत्तरपूजा करा. देव आपल्या जागी जाईल, मागं चेंडू उरेल. मग लाथ मारली तर दोष नाही."

कुणीतरी पदरातले तांदूळ तिच्या हातावर दिले. तिनं मूठ मिटली. हात चेंडूवर गेला आणि तिथंच थांबला. तांदूळ काही पडेनात.

"म्हंजी," ती म्हणाली, "त्याला जा म्हनू?"

दोन वर्षं तिनं रोज त्या कातड्याला गंध लावलं होतं. पोराचं तेवढंच उरलं होतं घरात. वजीरभाई शिट्टी हातात घेऊन नुसते उभे होते. खेळ राहू दे, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुंडाच्या पोरांतला एक धाकटा, बसून कंटाळलेला, शेजाऱ्याला ढकलून हसला. शेजाऱ्यानं त्याला उलट ढकललं. दोघं ढेकळांत लोळायला लागले. राहीबाई त्यांच्याकडं बघत राहिली.

"बुवा," ती म्हणाली, "मी लेकराला जा म्हननार न्हाई. आमच्यात दारातनं निघनाऱ्याला जा म्हनत न्हाईत. जाऊन ये म्हनत्यात." आणि तिनं अक्षता सोडल्या. "खेळून ये रं सयाजी. दिवेलागनीला घरी ये."

माळ काढून तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकली. बुवांनी डोळे मिटून हात जोडले. वजीरभाईंनी शिट्टी तोंडात धरली. तरी पोरं एकमेकांकडंच बघतायत, पहिली लाथ मारायची कुणी?

राहीबाईनं ओचा वर खोचला.

"सरका बाजूला. पोटात व्हता तवा ह्यानं मला कमी लाथा मारल्या? आज माझी पाळी."

आणि मारली. अनवाणी पायानं. चेंडू काही लांब गेला नाही. तो लांबुडका, कसा उडेल याचा नेम नाही. एकदा टप्पा खाऊन तिरका गेला, आणि गुंडाच्या एका पोराच्या पोटावर आदळला. पोरगं चेंडू कवटाळून पळत सुटलं. मग काय, दोन्हीकडची पोरं त्याच्या मागं. वजीरभाईंनी शिट्टी फुंकली ती थांबेचना. अख्तरबी बांधावरनं ओरडत होती, "आवं, तुमी नगा पळू, मांडीत गोळी हाय तुमच्या!"

खेळ पाव्हण्यांनी जिंकला. आयर्लंडासारखं आम्हाला जमलं नाही. मग एका मडक्यात लाह्या, दही, डाळं, लोणचं कालवून काला केला, आणि धुळीनं माखलेल्या हातांनी पोरांनी तो एकमेकांच्या तोंडात कोंबला. दामोदरबुवांनी घास घेतला तो वजीरभाईंच्या हातून. मला वाटलं, मघाशी मांडवात गोपाळांच्या काल्याचं वर्णन ऐकलं ते हेच. फक्त गोपाळांच्या अंगावर खाकी चड्ड्या होत्या.

दिवेलागणीला बाळासो चेंडू घेऊन राहीबाईच्या दारात गेला. मातीनं, कुंकवानं रंगलेला.

"आला का?" राहीबाईनं आतनं विचारलं.

"आला, मावशी."

तिनं चेंडू पदरानं पुसला. पण देवघरात नेला नाही. ओसरीवरच्या खुंटीला, पोरांच्या हाताला लागेल असा टांगला. गुंडा आसामात गेला, पण त्याची पोरं पुढच्या मार्गशीर्षातही आली, न बोलावता. तोवर चेंडू खुंटीवर क्वचितच दिसायचा.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात वजीरभाई तिच्याकडं लंगडत पळत गेले. पाच देशांच्या रग्बीच्या सामन्यांत आयर्लंड पहिलं आलं होतं. राहीबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "येनारच. पाव्हण्याला टाळी देनाऱ्याचं देव ठेवून घेत न्हाई."

झाली गोष्ट. आता तुमच्याकडं एकच मागणं. कुठं काल्याचं कीर्तन ऐकायला बसाल, आणि उशिरा आलेला कुणी संकोचानं मांडवाच्या कडेला उभा असेल, तर त्याच्यासाठी एक टाळी वाजवा. आणि ती वाजवताना आमच्या राहीबाईला आठवा. जिनं पोराला जा म्हटलं नाही, खेळून ये म्हटलं.