पाळण्याच्या बदल्यात ग्राफिक्स कार्ड

दुपारची जेवणं झाली की सासूबाई माझ्या लेकीला, ढब्बूला, खांद्यावर टाकायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, बस तुझ्या कामाला. आम्ही दोघी आहोत."

मी आतल्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि कॉम्प्युटर सुरू करायचे. ऑफिसचं काम मी जेवणाआधीच उरकलेलं असायचं. दुपारच्या त्या तासाभरात मी डोळ्यांवर हेडसेट चढवून टेबल टेनिस खेळायचे. समोर टेबल दिसायचं, जाळी दिसायची, पलीकडे जगाच्या पाठीवरचं कोणीतरी अनोळखी उभं असायचं. खोलीत बघणाऱ्याला मात्र एक बाई रिकाम्या हवेत हात मारताना दिसली असती.

पहिल्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी खरंच काम होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "आजही काम असेल ना?" आणि मी मान हलवली. बस, तेवढंच. मग ती मान रोज हलत राहिली.

नवरा दूरच्या प्रकल्पावर असतो, पंधरवड्याने घरी येतो. कॉम्प्युटर त्याचाच, लग्नाआधीचा. तो फोनवर म्हणायचा, "सांग ना आईला सरळ. ती काय खाणार आहे तुला?"

खाल्लं नसतंच. पण सासूबाईंनी आयुष्यभर गणवेशांच्या कारखान्यात उभ्याने इस्त्री केलेली. दुपार झाली की अजूनही त्यांचे पाय सुजतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच चैन ठेवली होती, दुपारची झोप. ती त्यांनी माझ्या कामासाठी सोडली होती. सुनेच्या नोकरीसाठी झोप सोडणं वेगळं आणि सुनेच्या खेळासाठी सोडणं वेगळं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी मी खेळत होते. कॉलेजात मी संघात होते. ढब्बू झाल्यापासून माझा खांदा तिचा, मांडी तिची, छाती तर तिचीच. मला त्याचं दुःख नव्हतं. तिच्या टाळूचा वास घेताना तर मुळीच नाही. पण त्या तासात मनगट माझं असायचं.

कॉम्प्युटर मात्र थकला होता. मी मान वळवली की टेबल क्षणभर मागे राहायचं आणि मग उडी मारून समोर यायचं. चेंडू जाळीपाशी दिसायचा, पुढच्या क्षणी कानाजवळून गेलेला असायचा. अशा वेळी डोळे सांगतात एक आणि कानातला तोल सांगतो दुसरंच. शरीराला वाटतं, हिने काहीतरी विषारी खाल्लंय. पोट ढवळून निघतं. मी हेडसेट काढून पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाहेर यायचे आणि बेसिन धरून उभी राहायचे.

सासूबाई बघत होत्या. पहिल्यांदा त्यांनी मुकाट्याने लिंबाची फोड आणून दिली. मग धुण्याची बादली माझ्या हातून काढून घेतली. "वाकू नकोस तू." मग फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ लागल्या. एके दिवशी माळ्यावरचा ढब्बूचा पाळणा खाली काढून, पुसून, गॅलरीत उन्हाला ठेवलेला दिसला. मला वाटलं, आईंना आवराआवरीची हुक्की आलीये. इतकी मी हुशार.

पाळणा उन्हात चमकताना बघून मला काय सुचावं? ढब्बू आता त्यात मावत नव्हती. मी त्याचा फोटो काढला आणि जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकला.

कारण एव्हाना मी फुकटचे सगळे उपाय करून बसले होते. कॉम्प्युटर उघडून मेकअपच्या ब्रशने धूळ काढली. आत धुळीची चक्क गादी होती. मागे उगाच चालू राहणारे प्रोग्रॅम बंद केले. हेडसेटमधलं चित्र थोडं भरड केलं, टेबलावरच्या सावल्या घालवल्या. मेमरीची एकच पट्टी होती, तिला जुन्या बाजारातून जोडीदार आणून दिला. थोडा फरक पडला. मळमळ दहाव्या मिनिटाऐवजी विसाव्याला यायला लागली. खरं दुखणं चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं होतं, ते म्हातारं झालं होतं. नवं आणायचं तर घराच्या खात्यात हात घालावा लागणार आणि तो हात घालायची माझी हिंमत नव्हती. एक मुलगा आपलं वापरलेलं कार्ड विकत होता. पाळण्याचं जे येईल त्यात ते बसत होतं.

पाळण्याला गिऱ्हाईक ठरलं, संध्याकाळची वेळ ठरली, आणि त्याच दुपारी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आई म्हणालीये कोणाला बोलू नकोस, पण मला राहवत नाहीये. खरं आहे का?"

"काय खरं आहे?"

"अगं, आता माझ्यापासून काय लपवतेस? ढब्बूला भाऊ येतोय की बहीण?"

लिंबाची फोड, बादली, दार, पाळणा. सगळं एका रांगेत उभं राहिलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. मला हसू यायला हवं होतं. चांगला विनोद होता. "अहो ताई, कसलं काय, गेम खेळून मळमळतंय," एवढं म्हटलं असतं तर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. पण गेम म्हटलं की 'कधी खेळतेस' आलं, आणि 'दुपारी' म्हटलं की सगळंच आलं.

"अजून नक्की नाही, ताई," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. कोणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नाही.

"असू दे, असू दे. मी विचारलंच नाही असं समज," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी फोन कानापासून जरा दूर धरला.

डोकं ठिकाणावर असतं तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं असतं. पण माझं गणित वेगळं चाललं होतं. कार्ड बसलं की चित्र सुरळीत होईल, मळमळ थांबेल, आणि मळमळ थांबली की 'नक्की नव्हतंच' म्हणून विषय आपोआप मिटेल. कॉम्प्युटर दुरुस्त करून खोटं दुरुस्त करायचं, असा तो बेत होता.

सासूबाई फिरायला गेल्या असताना ते जोडपं आलं. तिला नववा लागलेला असावा. ती पाळण्याच्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलाय हो तुम्ही."

"सासूबाईंनी पुसलाय," मी म्हणाले. तेवढं तरी खरं बोलले.

पुढच्या दुपारी, माझ्या त्या कामाच्या तासात, मी त्या मुलाकडून आणलेलं कार्ड बसवलं. जुनं काढलं, नवं खाचेत दाबलं, खट् झालं. वीज देणारी वायर नेमकी पोचली. हेडसेट चढवला, मान वळवली आणि टेबल माझ्याबरोबर वळलं. जिथल्या तिथे. पलीकडच्याने चेंडू मारला तो लोण्यातून सुरी जावी तसा आला. मी पूर्ण तास खेळले, घाम आला, पोट शांत. मी गालातल्या गालात हसत बाहेर आले.

सासूबाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. पाळणा होता त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. घामेजलेला, लाल, आणि मळमळीचं नावही नसलेला चेहरा. ढब्बूला माझ्याकडे देता देता पुन्हा स्वतःकडेच घेतलं.

"तू पड जरा," त्या म्हणाल्या.

"मला काही झालं नाहीये, आई."

"पड म्हणते ना."

दोन दिवस त्यांनी मला ताट उचलू दिलं नाही. ढब्बूला आंघोळ त्यांनी घातली, रात्री तिला त्यांनी जवळ घेतलं. मी बेसिनकडे गेले की मागे यायच्या, आणि मी नुसतीच तोंड धुतेय हे पाहून परत जायच्या. मला कळत होतं. मळमळ थांबली, पाळणा गेला, त्यांनी दोन अधिक दोन केले होते, की पोटातलं गेलं. मी दर तासाला ठरवत होते की आता सांगायचं, आणि दर तासाला ढब्बूला काहीतरी लागत होतं. पोरगं लहान असलं की निमित्तांना तोटा नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून माझ्या पोटावर ठेवली आणि समोर शेंगा निवडत बसल्या. ढब्बू त्यांच्या पायाशी सालांशी खेळत होती.

"हा विषय मी पुन्हा काढणार नाही," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "तुझं तू ठरवलंस की आपोआप झालं, मला माहीत नाही. मी विचारत नाही. पण एकटीने सोसू नकोस."

"आई..."

"ऐक. ताई आणि हा, यांच्या मधे मला एक होतं. चौथ्या महिन्यात गेलं. हे तेव्हा बाहेरगावी. शेजारणीकडे पोर ठेवली, दवाखान्यात जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवर उभी राहिले. सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. सांगावंसंच वाटलं नाही. ह्यांनासुद्धा बोलले नाही." त्यांनी एक शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. "वाफ तोंडावर यायची ना इस्त्रीची, ते बरं पडलं. डोळे ओले का, कोणी विचारायचं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोटावर त्यांची पिशवी होती आणि त्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, कधी नव्हतंच. अजून एक शब्द त्या बोलल्या असत्या तर मला ते पुढे कधीच सांगता आलं नसतं.

"आई, तसं काही नव्हतं."

"बरं."

"तसं नाही. खरंच काही नव्हतं. मला दिवस गेलेच नव्हते."

त्यांचे हात थांबले.

"ती मळमळ गेममुळे होती. तो हेडसेट आहे ना, तो घालून मी टेबल टेनिस खेळते. कॉम्प्युटर जुना होता, चित्र अडखळायचं, त्याने होतं तसं. पाळणा विकून मी त्याचा एक भाग आणला. आता नाही होत."

"गेम," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोणाशी खेळतेस?"

"माहीत नाही. कोणीही असतं."

"आणि ऑफिस?"

"ते जेवणाआधीच संपतं."

त्या हिशोब करत होत्या, मला दिसत होतं. एकेक दुपार मोजत मागे जात होत्या. ढब्बूने एक साल तोंडात घातलं, ते त्यांनी बोट घालून काढलं, न बघता.

"ताईला तू म्हणालीस, अजून नक्की नाही."

"हो."

"तेव्हा तुला नक्की माहीत होतं."

"हो, आई."

त्या उठल्या. माझ्या पोटावरची पिशवी त्यांनी उचलली, बूच काढलं आणि पाणी मोरीत ओतलं. त्यातून अजून वाफ येत होती. टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"तू खेळलीस त्याचं काही नाही," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मला ते सांगायला लावायला नको होतंस."

मी काही लावलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. 

त्यानंतर घरात सगळं नीट चाललं होतं, आणि तेच वाईट होतं. वाढलं का, मीठ पुरे का, हिला झोप आली वाटतं. नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं, सासूबाईंची ती गोष्ट सोडून. ती सांगायचा हक्क माझा नव्हता. तो म्हणाला, "निवळेल गं." दुपारी मी आतल्या खोलीत जात नव्हते. ढब्बूला घेऊन बाहेरच बसत होते, म्हणजे सासूबाईंनी झोपावं. त्या पडायच्या, डोळे मिटायच्या, पण झोपलेलं माणूस असं सरळ पडत नाही.

चार-पाच दिवसांनी जेवण झाल्यावर त्यांनी ढब्बूला माझ्या कडेवरून घेतलं.

"जा आत."

"नको, आई."

"पाळणा विकून आणलंयस ना ते? मग पडून का राहू द्यायचं? जा. दार उघडं ठेव फक्त, पोरगी रडली तर कळायला हवं."

मी गेले. नाही म्हणणं हा अजून एक अपमान ठरला असता. हेडसेट चढवला, समोर कोणीतरी उभं होतं, त्याने हात हलवला. खेळ सुरू झाला. चित्र अगदी सुरळीत होतं, कुठे म्हणून खड्डा नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसं मी इतके दिवस इथे उभी राहून समजत होते की मला कोणी बघत नाही.

बाहेर फोन वाजला. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू स्पष्ट येत होतं.

"हां, बोल... नाही गं, तसं काही नव्हतं. माझाच घोळ झाला. वय झालं, पोट बिघडलेलंसुद्धा मला वेगळं दिसतं... छे, तिने कधी सांगितलं? मीच तर्क लावला. तिला काही विचारू नकोस हं. उगाच ओशाळेल बिचारी... आत आहे. कामात आहे."

पलीकडच्याने सर्व्हिस केली. चेंडू न अडखळता आला, माझ्या डाव्या हाताला टप्पा घेतला, आणि मी बॅट उचलली नाही. दुसराही तसाच गेला. त्याला वाटलं असेल, हिचं कनेक्शन तुटलं.

मी हेडसेट काढला. डोळ्यांभोवती त्याचे वळ उमटलेले असतात, ते तसेच घेऊन बाहेर आले आणि सासूबाईंसमोर हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, नको. मी हात मागे घेतला नाही. मग त्या फोनवर म्हणाल्या, "थांब, वहिनी बोलतेय," आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताई," मी म्हणाले, "आईंचा काही घोळ झाला नव्हता."

सासूबाईंनी ढब्बूला उचललं आणि मी पुढचं बोलायच्या आत, ते आपल्या कानावर पडायला नको म्हणून, त्या गॅलरीत निघून गेल्या.