चवळीवरचा मावा

आमच्या अंगणवाडीची परसबाग बघायला येणारे साहेबलोक आधी मोबाइल काढतात, मग चपला सांभाळत वाफ्यांमधून चालतात आणि म्हणतात, "छान जोपासलीय, राजेश्रीताई." मी एकटीनं काय जोपासणार! झरीच्या अलीकडचं आमचं गाव जिभेनं तिखट, पण लेकरांच्या बागेसाठी कुणी हात आखडला नाही. कुणी शेणखत टाकलं, कुणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण बांधलं, घराघरातल्या गाडग्यांतून चवळीचं, दोडक्याचं, अंबाडीचं बी आलं. लेकरांनी हात धुतलेलं पाणी वाफ्यात जावं म्हणून आमच्या मदतनीस मनकर्णामावशींनी स्वतः चारी खोदली. फोटोत मात्र ही माणसं कधी दिसत नाहीत.

मला ही बाग हवी होती ती सगळ्यात जास्त ईश्वरीसाठी. चार वर्षांची पोर, पण दंडाला मापाची पट्टी लावली की खूण लाल रंगावर, म्हणजे तीव्र कुपोषणावर यायची. आई-बाप पुण्याकडं बांधकामावर, ही इथं आजोबांजवळ. खिचडी पुढं ठेवली की तोंड फिरवायची. एक दिवस तिनं चवळीची कोवळी शेंग तोडली आणि तशीच कच्ची खाल्ली. मग रोजच. स्वतः तोडलेल्या शेंगा खिचडीत पडल्या की ताटलीही रिकामी करायला लागली. पट्टीवरची खूण लालवरून पिवळ्यावर आली, तेव्हा मी वर कळवायच्या आधी तिच्या आजोबांना, सटवाजीआबांना सांगितलं. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. त्या दिवसापासून येता-जाता ते बागेत डोकावायचे, स्वतःच्या शेतात डोकावावं तसं.

श्रावण सरता सरता चवळीच्या शेंड्यांवर माव्याची कीड पडली. मी चुलीची राख भुरभुरत होते. आबा हसले.

"राखंनं कुठं मावा मरतो का बाई? पोरगी आता कुठं खायलीय. हे जळून गेलं तर?"

"आबा, लेकरं इथंच तोडून खातात. तुम्ही कशाला हात लावू नका."

"बरं," आबा म्हणाले. आमच्याकडं थोरल्या माणसानं 'बरं' म्हटलं म्हणजे त्यानं ऐकलं, एवढंच समजायचं. मानलं असं नाही.

सोमवारी सकाळी फाटक उघडलं आणि वास आला. कापसाच्या शेताजवळ वाढलेल्या माणसाला हा वास झोपेतही कळतो. चवळीच्या पानांवर पांढुरके डाग वाळले होते. आणि वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून ईश्वरी चावत होती. कुंपणाच्या फटीतून ती नेहमी सगळ्यांच्या आधी आत यायची.

मी तिच्या तोंडात बोटं घातली. जे निघालं ते काढलं. "थुक! इख हाय ते, इख! मरशील!" मी एवढ्यानं ओरडले की फाटकात आलेली बाकीची लेकरं जागच्या जागी रडायला लागली.

झरीच्या दवाखान्यात तिला दोनदा उलटी झाली. आबा रानातून तसेच आले, पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"आबा, काय मारलं तुम्ही?"

"कापसाचंच औषध. काल दिस बुडताना मारलं, रातीतून वाळतंय म्हनून." मग हळूच म्हणाले, "पन लय पातळ केलतं, बाई. लेकरायचं हाय म्हनून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलू नये ते बोलले, तेही चार लोकांसमोर. आबांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आमी घरची वांगी बी असंच मारून खातो की. मला काय ठावं?" अख्खं गाव तशीच वांगी खातं, मीसुद्धा.

संध्याकाळी डॉक्टरांनी पोरीला धोका नाही म्हणून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी आबांनी एकट्यानं सगळी बाग उपटली, वरची माती खरवडली आणि लांब खड्ड्यात पुरली. बाया कुंपणाबाहेरून बघत होत्या. "करायला गेले गणपती अन् झाला मारुती," मनकर्णामावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

अंगणवाडीत विष कालवतात, अशी आवई उठायला काय लागतं! मी घरोघर फिरले, हात जोडले, भांडलेसुद्धा. नवी माती आली, बी आलं, पण पहिल्यासारखं हसत कुणी दिलं नाही. आबा पोरीला फाटकाबाहेर सोडायचे, आत पाऊल टाकत नसत.

दिवाळीनंतर चवळीला शेंगा लागल्या, हिरव्यागार, मावा नसलेल्या. तोवर ईश्वरीच्या दंडावरची खूण परत लालवर गेली होती. खिचडीत हिरवं काही दिसलं की ती ताटली सरकवायची. बाकीचीही लेकरं वाफ्यापासून लांबून चालायची. म्हटलं, सांगून उपयोग नाही, खाऊन दाखवावं. सुट्टीच्या वेळेला सगळ्यांना वाफ्याजवळ बसवलं, एक शेंग तोडली आणि कचकन चावली.

"बघा, कशी गोड हाय! कुणाला पायजे?"

कुणीच हात पुढं केला नाही. मग ईश्वरी उठली. माझा जीव सुपाएवढा झाला. ती धावत आली आणि तिनं माझ्या गुडघ्यांना मिठी मारली.

"नका खाऊ ना बाई," ती हुंदके देत म्हणाली. "मरून जाताल तुमी."

फाटकाबाहेर आबा तिला न्यायला आले होते. त्यांनी मान खाली घातली. माझ्या तोंडातली शेंग खरंच गोड होती, पण ती मला गिळता येईना.