सांगून काढलेला चेहरा

माझी बायको कॅथरीन गेली त्याला अकरा महिने झाले होते तेव्हा मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, की वसई भागातल्या फोटोग्राफरांना भेटून त्यांच्या आयुष्याविषयी आणि कामाविषयी तीन-चार लेख लिहून द्यावेत. पत्राच्या शेवटी त्यांनी वेगळ्या शाईनं एक ओळ घातली होती : ‘या निमित्तानं घराबाहेर पडाल.’ मला बाहेर पडायचं नव्हतं आणि घरातही बसायचं नव्हतं; शाळेतून आल्यावर ओट्यावर टेकायचं, समोरच्या केळींची पानं वाऱ्यानं चिरत जाताना बघत राहायचं आणि दिवस मावळायच्या आत चूल पेटवायची, एवढंच माझ्याच्यानं होत होतं. तरी मी होकार कळवला, कारण फोटोग्राफरांकडे जायला माझं स्वतःचं एक कारण होतं. ते मी संपादकांना कळवलं नाही.

बावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना माझ्या ध्यानात आलं होतं, की मला कॅथरीनचा चेहरा आठवत नाही. बाकी सगळं आठवत होतं. सुकेळी वाळत घालताना केळी सोलणारी तिची बोटं, चुलीपुढची तिची पाठ, चिखलाच्या दिवसांत चर्चमधून येताना एका हातात धरलेल्या चपला, लुगड्याचा काठ. पण चेहऱ्याच्या जागी मन नेलं की तिथं नुसता उजेड असे, ओल्या भिंतीवर ऊन पडावं तसा. मी मुलीला, रिटाला, पत्रानं विचारलं, आई नक्की कशी दिसायची गं? तिनं लिहिलं, ‘सगळे म्हणतात माझ्यासारखी.’ ती चार दिवस राहायला आली तेव्हा मी तिच्याकडे चोरून बघत राहिलो. मला रिटाच दिसली.

घरात कॅथरीनचा एकच फोटो होता, आमच्या लग्नाचा, एकोणतीस सालचा. त्यात मी कोटाच्या बटणासकट स्पष्ट आलो आहे, आणि शेजारी तिच्या गळ्याच्या वर एक पांढरट पट्टा आहे, कारण नेमक्या त्या क्षणी तिनं मान वळवली. ‘तुमच्या मागून कुणीतरी मला हाक मारली,’ असं ती बावीस वर्षं सांगत आली. माझ्या मागे चर्चची भिंत होती. पाहुण्यारावळ्यांत हा विनोदच होऊन बसला होता, आणि तीही त्यात हसायची. फक्त हसून झाल्यावर दर वेळी म्हणायची, ‘पण मारली होती.’

पहिला लेख विरारच्या जयरामवर झाला. स्टेशनापासून जवळच त्याचा पत्र्याचा स्टुडिओ होता, मागे रंगवलेला संगमरवरी जिना आणि दोन हरणं. माणूस बोलका होता. ‘अर्नाळ्याचे कोली फोटोला येतात ना मास्तर, ते घोल मासा खांद्यावर टाकून येतात. घरधनी, घरधनीन, पोरं आनि मासा. फोटोची काच धुवून बघतो तर काय! पोरं हललेली, बाई हललेली, घरधनी शिंकलेला. मासा तेवडा झकास. त्याचा डोला बघा, कसा पानीदार!’

‘मासाच का नीट येतो?’ मी वहीवरून डोळे न काढता विचारलं.

‘मेलेलं हलत नाय ना,’ तो म्हणाला, आणि मग त्याची नजर माझ्या दंडावरच्या काळ्या पट्टीवर गेली. त्यानं जीभ चावली. जरा वेळानं, चूक निस्तरावी तशा आवाजात म्हणाला, ‘उमेल्याच्या ॲन्सेल्मबाबाकडं गेलात का? आमी असलेल्या मानसांचे काढतो. तो नसलेल्यांचे काढतो.’

ॲन्सेल्म मच्याडोंचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराची मागची पडवी होती. छपरात जागोजाग काचेची कौलं बसवली होती आणि खाली उजेड दुधासारखा साचला होता. साठी उलटलेला बारकेला माणूस. बोटांची टोकं औषधांनी तपकिरी पडलेली. मी वही उघडली, त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर, भिंतीला पाठ लावून बसले. भिंतीवर एकही फोटो नव्हता.

‘फोटो न काढताच माणूस गेलं की घरचे येतात,’ ते सांगू लागले. ‘ते सांगतात, मी कोळशानं चेहरा काढतो. जुळला की त्या चित्राचा फोटो घ्यायचा, फोटोवर बारीक पेन्सिल फिरवायची. चौकटीत घातला की फोटोच.’

‘जुळला हे कोण ठरवतं?’

‘तिथं बसलेला,’ त्यांनी माझ्या स्टुलाकडे बोट केलं. ‘तो रडतो. मग मी कोळसा ठेवतो.’

सगळ्यांत अवघड काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, नजर. नजर ते सगळ्यांत शेवटी विचारतात, कारण ती आधी विचारली तर माणूस पुढचं काही सांगायला थांबत नाही. आणि देवीचे व्रण, तीळ, जखमा यांचं काय? ‘काही ठेवत नाही. तीस वर्षांत एका चेहऱ्यावर एक डाग सोडलेला नाही, मास्तर. देवाघरी गेलेल्याला डाग कशाला?’ हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग मी वही मिटली आणि माझं काम सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी मांडीवर फळी घेतली, कागद लावला, आणि विचारलं, ‘कपाळ?’

‘नेहमीसारखं.’

‘नाक?’

मी मिटलेली वही उगाच मांडीवर सरळ केली. मग म्हणालो, ‘ती फार समजूतदार होती. कुणाला टाकून बोलायची नाही.’

‘हे फादर प्रवचनात सांगतील. तुम्ही नाक सांगा.’

मला सांगता येईना. वर कौलावरून एक खार पळत गेली, तिची सावली कागदावरून गेली, आणि कागद कोराच राहिला. ॲन्सेल्मांनी फळी बाजूला ठेवली. ‘लाजू नका,’ ते म्हणाले. ‘नवरे बहुतेक असेच येतात. बाई घरात आहे म्हणून तिच्याकडे बघायचं राहूनच जातं त्यांचं.’ हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं, की मला राग यायला सायकलवरून अर्धा रस्ता पार करावा लागला. निघताना त्यांनी तीन घरांचे पत्ते दिले होते. ‘आधी माझं काम बघून या. लेखालाही उपयोग होईल. मग सांगायला या.’

निर्मळला कृष्णाबाई पडवीत गजरे गुंफत बसल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या सासूचा फोटो होता. ‘जशाच्या तशा आहेत हो,’ त्या दोरा दातात धरून म्हणाल्या. ‘बघतात बघा कशा. आता म्हणतील, कृष्णे, गाठ सैल पडली.’ फोटोतल्या बाईचं कपाळ रुंद होतं. खालचा ओठ किंचित आत घेतलेला, शिवताना टाचणी धरावी तसा. कानशिलापाशी थोडे केस पिकलेले. डाव्या भुवईच्या मधोमध बारीक खाच होती, आणि ती पाहून मला ॲन्सेल्मांची बढाई आठवून जरा बरं वाटलं. बाईची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून पलीकडे गेलेली होती, इतकी सरळ, की मी मागे वळून पाहिलं. मागे फुलांची परडी होती.

पाचूबंदरला मायकल जाळं विणत बसला होता. मधल्या खोलीत क्रुसाखाली त्याच्या आईचा फोटो होता. ‘ही माजी आय. आवाज तेवडा नाय फोटोला, नायतर तुमाला आत घेतलं म्हनून मला शिव्या बसल्या असत्या.’ तो हसला. मी हसलो नाही. रुंद कपाळ, आत घेतलेला ओठ, भुवईतली खाच. नेसणं तेवढं वेगळं होतं. मी पुन्हा मागे वळून पाहिलं. दारातून बाहेर काठ्यांवर टांगलेले बोंबील दिसत होते.

‘मागं काय बघता?’

‘काही नाही.’

‘येतात ते समदे बघतात,’ मायकल म्हणाला आणि त्यानं सुई पुन्हा जाळ्यात घातली.

तिसरं घर रोझमेरीबाईंचं, पापडीला. त्या दवाखान्यात नर्स होत्या आणि एकट्या राहत. फोटो त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता. ‘एकोणीस पूर्ण व्हायची होती,’ त्या म्हणाल्या, आणि चौकटीची कड पदरानं पुसू लागल्या. मी जवळ गेलो. कानशिलापाशी पिकलेले केस होते. चाळिशीची बाई होती ती, तीच, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

‘त्यांच्या भुवईला काय झालं होतं?’ मी विचारलं.

रोझमेरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघतात तसं, घाई न करता. ‘कुणाच्या भुवईला, मास्तर?’

मी तिथून थेट उमेळ्याला गेलो. वाटेत मला सारखं वाटत होतं की मी फार थकलो आहे. माझ्यासारख्यांच्या या थकव्यावर एका माणसानं तीस वर्षं संसार चालवला, एकच चित्र सगळ्यांच्या भिंतींवर टांगलं, आणि रडून डोळे सुजलेल्या माणसांनी तेच आपलं म्हणून घरी नेलं. मलाही तेच दिलं असतं. मी ते नेलंही असतं, आणि मग कॅथरीनच्या जागी आयुष्यभर त्या परक्या बाईकडे बघत बसलो असतो. या शेवटच्या विचारासरशी मी पडवीत पाय टाकला.

‘तुम्ही सगळ्यांना एकच बाई दिलीत,’ मी म्हणालो.

ॲन्सेल्म जेवून नुकतेच बसले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि समोर, आपल्या जागी, भिंतीला पाठ लावून बसले. ‘एकच? बरं. कशी आहे ती?’

‘तुम्हाला ठाऊक आहे कशी आहे.’

‘मला तुमच्याकडून ऐकू द्या.’

मी सांगितलं. पुरावा मांडावा तसं, एकेक करून, आवाज न चढवता सांगितलं. कपाळ रुंद, केसांची रेघ मधोमध नाही, किंचित उजवीकडे. नाक आखूड, टोकाशी गोल, थंडीत तांबडं होणारं. खालचा ओठ आत. उजव्या कानाची पाळी ओघळलेली. त्यांनी फळी कधी घेतली ते मला कळलं नाही. कोळशाचा आवाज येत होता, केळीचं वाळकं पान जमिनीवर घासावं तसा, आणि मी बोलत होतो. इतक्या दिवसांत मी कुणाशी सलग एवढा बोललो नव्हतो.

‘आणि डाव्या भुवईत खाच,’ मी म्हणालो. ‘नऊ वर्षांची असताना रहाटाचं गाडगं लागलं होतं. तिथं केस परत आलेच नाहीत.’

कोळसा थांबला.

‘रहाटाचं गाडगं,’ ॲन्सेल्म हळू आवाजात म्हणाले. ‘हे कुणाच्या भिंतीवर लिहिलं होतं, मास्तर?’

माझं बोट माझ्याच डाव्या भुवईवर टेकलेलं होतं. रविवारी चर्चला निघण्याआधी ती दाराच्या उजेडात आरसा धरायची आणि काजळाच्या बोटानं ती खाच भरायची. बावीस वर्षं, दर रविवारी, आणि मी बाहेरून म्हणायचो, उशीर होतोय.

‘माझ्या एकाही फोटोत खाच नाही,’ ते म्हणाले. ‘सांगितलं होतं तुम्हाला.’ त्यांनी मला रडून घेऊ दिलं. मग विचारलं, ‘ही ठेवू, की पुसू?’

‘ठेवा.’

‘बरं. आता शेवटचं. नजर कुठं?’

मी डोळे मिटले. अकरा महिन्यांनी ती आली, सगळीच्या सगळी, कपाळ, ओठ, पिकलेले केस, भुवईतलं काजळ. इतकी जवळ, की हात पुढे केला असता तर लागली असती. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. कुणी नुकतीच हाक मारल्यासारखी तिची मान किंचित वळली होती, आणि माझ्या उजव्या खांद्यावरून ती पलीकडे बघत होती.

‘माझ्या मागे,’ मी म्हणालो.

कोळशाचा आवाज आला नाही. मी वाट पाहिली. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही. मी फक्त डोळे उघडले, तेव्हा ॲन्सेल्मही तिकडेच बघत होते.