आईचं पाणी मोजणारा माणूस

माझी आई, जनी, चाळीस वर्षं डोंबिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. जवळा, बोंबील, वाकट्या. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला सांगितलं की लिव्हर पार सुकलंय, म्हणून पोटात पाणी भरतंय. आता मिठाला हात लावायचा नाही. दारूला ती जन्मात शिवली नव्हती. कधीकाळच्या काविळीने आतल्या आत हे काम केलं होतं.

रोज सकाळी वजन करायचं आणि दिवसभराची लघवी मोजून लिहायची, असं डॉक्टरांनी बजावलं. मी वही आणली, चार दिवस लिहिलं. मग ठाण्याची नोकरी, शिफ्ट, सुटलं ते सुटलंच.

बाबांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी प्लास्टिकच्या एका मगवर मापाच्या रेघा मारल्या, भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं आणि तारखेच्या प्रत्येक चौकोनात दोन आकडे लिहायला लागले. वर वजन, खाली लघवी. बाबा म्हणजे मोरू नाखवा, शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं अडखळत वाचतात, पण आकडा चुकत नाहीत.

आई लाजून अर्धी व्हायची. "शी! बायकोचा मूत मोजतंस? लोक काय बोलतील?"

"लोकांचे पोटान पानी नाय भरला," बाबा म्हणायचे आणि तो मापाचा मग धुऊन उन्हात पालथा घालायचे.

लोक बोललेच. मोठागावात आमच्या गल्लीत गोष्ट लपत नाही. हळदीच्या एका मांडवात कुणीतरी त्यांना 'लॅबवाले' म्हणून हाक मारली, सगळे हसले. बाबा पण हसले. मला मात्र लाज वाटली होती, हे आज कबूल करते.

मे महिन्यातला शनिवार होता. मला सुट्टी होती. आई सकाळपासून गप्प गप्प, अर्धवट झोपेत. बाबा कॅलेंडर घेऊन माझ्यासमोर बसले.

"प्राप्ती, आज हॉस्पिटलान जाऊचा."

"सोमवारी अपॉइंटमेंट आहे ना, बाबा. आणि ऊन बघा केवढं आहे. घामात गेलं असेल पाणी."

"घामान गेला असता तर वजन उतरला असता." त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं. "वजन दोन किलो चढलाय. लघवी बघ. बुधवारी बाराशे. मग आठशे. काल तीनशे."

बी.कॉम. झालेल्या मला हे सुचलं नव्हतं. मी रिक्षा बोलावली.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर क्षिप्रा होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "लघवी कधीपासून कमी आहे?" बाबांनी पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. बाई एकेक चौकोन बघत गेल्या.

"गुरुवारपासून घसरलंय. जनीताई, बुधवारी वेगळं काही घेतलंत? एखादी गोळी?"

आईने डोळे मिटूनच सांगितलं, "शेजारच्या कलावतीनं तिच्या गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. रोज दोन खाल्ल्या."

बाबांनी कपाळावर हात मारला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"लिव्हर असं झालं की किडनी आधीच ताणावर चालते," बाई म्हणाल्या. "त्यात दुखण्याची गोळी म्हणजे सरळ किडनीवरच घाव."

रक्तातलं क्रिएटिनिन, जे एकच्या आसपास हवं, ते दोन पॉइंट आठ निघालं. पोटातलं पाणी उतरायला चालू असलेल्या लघवीच्या गोळ्या लगेच बंद केल्या. पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासलं, त्यात इन्फेक्शन नव्हतं. शिरेतून अल्ब्युमिन या प्रथिनाच्या बाटल्या चालू झाल्या. तरी दोन दिवसांनी आकडा तीन पॉइंट एक झाला. डॉक्टर क्षिप्रांनी आम्हाला बाहेर बोलावून डायलिसिसची शक्यता सांगितली आणि रक्तवाहिन्यांवर काम करणारं एक औषध थेंबाथेंबाने सुरू केलं. बाबा पायऱ्यांवर जाऊन बसले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. दहा मिनिटांनी उठले, तोंड धुतलं आणि युरीन बॅगवरचा आकडा बघायला वॉर्डात गेले.

बुधवारी त्या बॅगेत चारशे होते. शुक्रवारी नऊशे. पुढच्या सोमवारी क्रिएटिनिन एक पॉइंट तीनवर आलं, डायलिसिस टळलं.

त्या राऊंडला डॉक्टर क्षिप्रांनी शिकाऊ डॉक्टरांना आईच्या खाटेभोवती उभं केलं. कॅलेंडर उघडून त्या म्हणाल्या, "हे नीट बघा. या गृहस्थांनी शनिवारी आणलं म्हणून किडनी वाचली. सोमवारपर्यंत थांबले असते तर कदाचित आपल्या हातात काही उरलं नसतं." एका मुलाने विचारलं, "काका, तुम्ही मेडिकल लाइनमध्ये होतात का?" बाबा म्हणाले, "नाय रे बाबा, होडीवर होतो." त्या वेळी माझा ऊर अभिमानाने जसा भरून आला, तसा पहिल्या पगाराच्या दिवशीही आला नव्हता.

आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. दर तीन आठवड्यांनी पोटातलं पाणी काढावं लागतं. लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवलंय, माझ्याही तपासण्या चालू आहेत.

घरी सोडायच्या दिवशी नर्स फॉर्म भरत होती. "आजी, घरी तुमचं सगळं कोण बघतं?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले. आईने मला हाताने थांबवलं. अडतीस वर्षं ती बाबांना 'अवो, प्राप्तीचा बापूस' म्हणत आली होती, नाव कधी घेतलं नव्हतं. उशीला टेकून ती ताठ बसली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात म्हणाली, "मोरू गोपीनाथ नाखवा. माझा घोव. लिव मोठ्या अक्षरान."