बाबांच्या नावाचा गोल स्प्रिंकलर

बाबा गेले त्याला महिना झाला असेल. त्यांच्या कंपनीतून फोन आला, "आम्ही साहेबांना अमर करायचं ठरवलंय. तेवढा एक हसरा फोटो पाठवा."

हसरा फोटो नव्हता. फोटो काढणारा माणूस चुकीच्या जागी उभा आहे असं बाबांना नेहमी वाटे, आणि फोटोत ते त्याला तसं सांगायच्या बेतात असत. शेवटी दादाने एका जुन्या समूहफोटोतून त्यांना कापून काढलं. त्यात ते निदान गप्प होते.

अमर करण्याची योजना अशी होती: नव्या स्प्रिंकलरला बाबांचं नाव द्यायचं, खोक्यावर फोटो छापायचा, आणि घरच्यांनी संमतीची सही करायची. दादाला फोनवरच भरून आलं.

"माणसं जातात गं," तो मला म्हणाला, "पण असं नाव किती जणांचं राहतं?"

"कुठला स्प्रिंकलर?"

"स्प्रिंकलर म्हणजे स्प्रिंकलर. पाणी उडवतो तो. तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का?"

खुसपट काढायला कारण होतं. बाबांनी त्या कंपनीत सगळी हयात काढली ती एका भांडणात, आणि ते भांडण गोलाशी होतं. स्प्रिंकलर गरगर फिरतो, त्यामुळे पाणी गोलात पडतं. पण ज्या जमिनीला पाणी द्यायचं ती काही गोल नसते. रस्त्याचा दुभाजक घ्या, फुटपाथच्या कडेचं गवत घ्या, इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये उरलेली चिंचोळी जागा घ्या. रुंदी जेमतेम चार फूट, आणि लांबी संपता संपत नाही. तिथे लहान गोल बसवले तर मधली जमीन कोरडी राहते, मोठे बसवले तर रस्त्याची अंघोळ होते. बाबा आयतात पाणी फेकणारी नोझल बनवत. डोक्यावर एक चकती, तिला खाचा. दोन टोकांकडे जाणाऱ्या धारा जोरकस, बाजूच्या हलक्या. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाणी लांब पोहोचलं की नोझलच्या अगदी बुडाशी हातभर जमीन कोरडी राही, आणि त्या हातभर जमिनीपायी बाबा भरल्या ताटावरून उठत.

पाणी सारखं पडतंय का, हे बघायला पट्ट्यावर ओळीने भांडी मांडतात आणि कशात किती साठलं ते तपासतात. कारखान्यात त्यासाठी डबे होते. पण बाबांना कल्पना सुचायच्या सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे आमच्या घरच्या वाट्या कायम मागच्या अंगणात. घरात पातळ काहीही केलं की ते आम्ही कपातून प्यायचो. पाहुण्यांना ती आमच्या घराण्याची रीत वाटे.

"तुमचं लग्न त्या वाट्यांशीच लावायला हवं होतं," आई म्हणायची.

"सारख्या भरल्या तर विचार करतो," बाबा म्हणायचे.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं कंपनीत गेलो. बैठकीच्या खोलीत धाकटे साहेब होते, म्हणजे मालकांचे चिरंजीव. पन्नाशी उलटली तरी ते धाकटेच. त्यांच्या शेजारी विक्री विभागाचे प्रमुख. यांचं नाव बाबांनी कारंजे ठेवलं होतं, कारण बोलताना त्यांचं सगळ्या दिशांना उडे आणि मुळाशी काही पोहोचत नसे. घरात आम्ही त्यांना इतकी वर्षं कारंजेच म्हणत आलो होतो. खरं आडनाव मला आठवेना, म्हणून मी नुसता नमस्कार केला.

कारंज्यांनी खोक्याचा नमुना टेबलावर ठेवला. खोक्यावर बाबा. त्यांच्या डोक्यामागे पाण्याचा मोठा, पांढराशुभ्र, वाटोळा फवारा. संतांच्या चित्रात मस्तकामागे प्रभावळ असते, तशी. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: अरुंद पट्ट्यांसाठी खास.

"बाबांच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय!" दादा म्हणाला.

"हा गोल आहे," मी म्हटलं.

"ताई, ग्राहकाला गोलच आवडतो," कारंजे म्हणाले. "तुमच्या वडिलांचं चौकोनी पाणी दिसायलाच नाही हो. गवत भिजतं, पण बघणाऱ्याला काय मिळतं? गोल फिरायला लागला की माणूस थांबून बघतो. विक्री तिथे होते."

"पण पट्ट्यावर तो चालत नाही. बाबांनी कितीदा नापास केला होता."

"ती जुनी गोष्ट झाली," धाकटे साहेब समजुतीने म्हणाले. "आता तो पहिल्या झटक्यात पास झालाय. या, दाखवतो."

त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. ऑफिससमोर एक हिरवळ होती, गोल, ताटलीसारखी. तिची हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आणि अभिमानाने सांगितली. बाबा एकामागून एक गोल स्प्रिंकलर नापास करत सुटले, तेव्हा कंपनीत मोठी बैठक झाली. दोष कुठे आहे यावर खल झाला, आणि दोष चाचणीच्या जागेत आहे असं निघालं. कुंपणालगतचा पट्टा रद्द करून ही हिरवळ तयार केली, बरोबर स्प्रिंकलरच्या फेकीएवढी. तेव्हापासून एकही स्प्रिंकलर नापास झालेला नाही. त्याबद्दल धाकट्या साहेबांना एका संस्थेने ढालही दिली होती. ती खिडकीत होती.

बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती ताटलीकडे पाहत होती.

"कुंपणालगतचा पट्टा आहे ना अजून?" मी विचारलं. "त्यावर एकदा लावून दाखवा. मग सही."

"काय गं हे," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "ते मान देतायत आणि तू परीक्षा घेतेस?"

पण धाकट्या साहेबांना आपल्या मालावर खरंच विश्वास होता. ज्या माणसाने फक्त ताटली पाहिली आहे, त्याला तो असणारच. चहाच्या खोलीतून कागदी कप आणवले. फाटकाजवळच्या त्याच पट्ट्यावर मी ते ओळीने मांडले, उडू नयेत म्हणून प्रत्येकात खडा टाकून. बाजूला फिटर स्प्रिंकलर बसवत होता. फाटकावरचा पहारेकरी काही न विचारता केबिनमध्ये गेला आणि खिडकी बंद करून बसला. नळ सुरू झाला.

दिसायला तो सुंदर होता, नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या फेरीत त्याने केबिनची काच धुतली. दुसऱ्या फेरीत धाकट्या साहेबांची गाडी, तीही उघड्या काचांतून. तिसऱ्या फेरीत कुंपणापलीकडून एक स्कूटरवाला ओरडला, "अरे, रस्ता पेरलाय का तुम्ही?" आईच्या चपला भिजल्या. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या कपांत खडे कोरडे ठणठणीत होते.

मला वाटलं, संपलं. पण कारंज्यांना मी ओळखत नव्हते, बाबा ओळखत होते.

"साहेब," ते भिजलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "हे बघा, गवताबरोबर रस्त्यावरची धूळही बसतेय! दुहेरी फायदा! खोक्यावर टाकू या: हिरवळ आणि रस्ता, दोन्हींची काळजी!"

"व्वा," धाकटे साहेब म्हणाले. "हे आपल्या लक्षात कसं नाही आलं?"

दादाने माझा दंड धरला. "करून टाकू गं सही. कसा का असेना, नाव तर राहील. दुकानादुकानांत बाबा दिसतील. मला ते हवंय." हे तो अगदी हळू बोलला, आणि त्याचा चेहरा पाहून मला त्याच्यावर चिडता येईना. बाबा कुठेतरी दिसावेत, एवढंच त्याला हवं होतं. मलाही दुसरं काय हवं होतं?

"सही माझी लागणार ना?" आईने विचारलं. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"हो, वहिनी. इथे, खाली," कारंज्यांनी पेन पुढे केलं.

"गोल चालत होता, तर मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी इतकी वर्षं उगाच कपातून प्यायले."

कारंज्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले.

"हसू नका. घरात मी त्यांना सुखाने जेवू दिलं नाही, आणि इथे तुम्ही काम करू दिलं नाहीत. त्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. आता ते बोलू शकत नाहीत, तर तुम्ही त्यांच्या तोंडून हे वदवून घेणार? नाव मिळणार नाही. फोटो परत द्या."

धाकटे साहेब दुखावले. आपण केवढा मान देत होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्यांना नवी वाट सापडली. "बरं, स्प्रिंकलर राहू दे. आपण त्या चाचणीच्या हिरवळीला त्यांचं नाव देऊ! छान दगडी पाटी लावू."

मला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून मी ना हसले होते ना धड रडले होते, आणि आता त्या फाटकात ओल्या कपड्यांनी मी पोट धरून हसत होते. आईने मला धरून गाडीत बसवलं. मागून कारंजे म्हणत होते, "दुःखाने होतं असं कधी कधी."

दादा पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. आईशी तेवढंही नाही. स्प्रिंकलर बाजारात आला तो थोरल्या मालकांच्या नावाने. प्रभावळ त्यांना शोभलीही. शहराने सगळे दुभाजक त्याच स्प्रिंकलरांनी भरून टाकले.

एकदा दादा आणि मी आईचा चष्मा आणायला निघालो होतो. सिग्नलला थांबलो, तर शेजारच्या दुभाजकावर तोच गरगरत होता. पाण्याची लांब धार उघड्या काचेतून आत आली आणि दादाचा अर्धा सदरा भिजवून पुढे गेली. तो दोन स्प्रिंकलरांच्या मधल्या गवताकडे बघत होता. ते वाळून पिवळं पडलं होतं.

"बाबा असते ना, तर आत्ता गाडीतून उतरले असते," तो म्हणाला.

"आणि आपल्याला उशीर झाला असता."

"तासभर."

"कमीत कमी."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दादाने गाडी हलवली नाही आणि काचही वर केली नाही. पाणी फिरून पुन्हा आमच्याकडे यायला निघालं होतं.